विश्लेषण : गर्भवतींच्या ‘रक्तवाढीच्या गोळी’चा माग परळमध्ये कसा लागला? कोण होत्या डॉ. ल्युसी विल्स?

परळची हाफकिन संस्था म्हटली की प्लेगची लस आणि सर्पदंशावरचे औषध आठवते. त्याच आवारात आणखी एका शोधाची सुरुवात झाली, ती मात्र मुंबईकरांच्याही फारशी लक्षात नाही. सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंकडून गर्भवतीला जी लाल गोळी मिळते, जिला बहुतेक घरांत सरळ रक्तवाढीची गोळी म्हणतात, तिच्यात लोहाबरोबर फोलिक अ‍ॅसिड असते. या फोलिक अ‍ॅसिडचा माग पहिल्यांदा लागला तो मुंबईतल्या गरीब गर्भवतींच्या आजारपणातून, १९२८ ते १९३३ या काळात. तो काढला डॉ. ल्युसी विल्स या ब्रिटिश महिला डॉक्टरांनी. १० मे २०१९ रोजी त्यांच्या १३१ व्या जयंतीला गूगलने डूडल केले, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले.

डॉक्टर होण्याआधी त्या काय करत होत्या?

ल्युसी यांचा जन्म १८८८ सालचा, इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डचा. घराण्याचा धंदा विळे-कोयत्यांसारखी धारदार अवजारे बनवण्याचा. वडील विज्ञानाचे पदवीधर, आईचे वडील डॉक्टर. भाऊ लिओनार्ड पुढे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक झाले. अशा घरातली मुलगी विज्ञानाकडे वळली यात नवल नव्हते. चेल्टनहॅमच्या मुलींच्या शाळेनंतर १९०७ मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. विषय होते वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९११ मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण पदवी मिळाली नाही. केंब्रिज विद्यापीठ तेव्हा महिलांना शिकू देत असे, परीक्षेला बसू देत असे, पदवी मात्र देत नसे. ती द्यायला १९४८ साल उजाडावे लागले.

१९११ मध्येच वडील गेले. दोन वर्षांनी थोरली बहीण एडिथ गेली, अवघ्या २६ व्या वर्षी. त्यानंतर ल्युसी आईबरोबर सिलोनला गेल्या आणि १९१४ मध्ये भाऊ गॉर्डनबरोबर दक्षिण आफ्रिकेला. न्यूनहॅमची मैत्रीण मार्गट ह्यूम केपटाऊनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत होती. दोघी मैत्रिणींना त्या काळी नव्याने गाजत असलेल्या फ्रॉइडच्या मानसशास्त्राचे आकर्षण होते. ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. भाऊ सैन्यात भरती झाला आणि ल्युसी यांनी केपटाऊनच्या एका रुग्णालयात काही आठवडे स्वयंसेवक परिचारिका म्हणून काम केले. वर्षअखेरीस त्या इंग्लंडला परतल्या आणि जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी लंडनच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले.

हे महाविद्यालय रॉयल फ्री हॉस्पिटलशी जोडलेले होते. मराठी वाचकाला ते वेगळ्या कारणाने ओळखीचे वाटेल. बालविवाहाचा खटला लढवणाऱ्या डॉ. रखमाबाई याच महाविद्यालयात शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या होत्या. ल्युसी १९२० मध्ये डॉक्टर झाल्या, तेव्हा त्या ३२ वर्षांच्या होत्या. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी रॉयल फ्रीमध्येच गर्भारपणातील विकृतींच्या विभागात संशोधन आणि अध्यापन पत्करले. गर्भवतीच्या शरीरातील रासायनिक घडामोडी हा त्यांचा विषय झाला.

मुंबईत त्या का आल्या?

त्या काळी भारतात बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण इतके होते, की इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने माता-मृत्यूंची चौकशी हाती घेतली होती. ही संस्था म्हणजे आजची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आयसीएमआर. चौकशीच्या कामात होत्या डॉ. मार्गारेट बालफोर. त्यांनीच विल्स यांना बोलावून घेतले. १९२८ मध्ये, वयाच्या चाळिशीत, विल्स मुंबईत आल्या आणि हाफकिन संस्थेत त्यांनी प्रयोगशाळा मांडली.

ठिकाण योग्यच होते. संस्थेच्या भोवती गिरणगाव होते, आणि जो आजार शोधायचा होता तो गरीब वस्त्यांमधल्या, कापड गिरण्यांत राबणाऱ्या बायकांमध्ये सर्वाधिक दिसत होता. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत बाई पांढरीफटक पडे, चार पावले चालून धाप लागे, अंगावर सूज येई. बाळंतपणात थोडेसे रक्त गेले तरी तो ताण तिला झेपत नसे. आई जाई, कधी बाळही जाई.

रक्तक्षय गर्भारपणात नवा नव्हता. पण या बायकांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की एक विचित्र गोष्ट दिसे. लोह कमी पडल्याने रक्तक्षय झाला तर तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. इथे उलटे होते. पेशी संख्येने फारच कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. साहजिकच नुसते लोह देऊन उपयोग होत नव्हता.

मोठ्या पेशींचा असा रक्तक्षय डॉक्टरांना दुसऱ्या एका आजारात माहीत होता. त्याचे नाव पर्निशियस अ‍ॅनिमिया, म्हणजे घातक रक्तक्षय. तो प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतील वयस्क माणसांना होई आणि त्यात मज्जातंतूही निकामी होत. १९२६ मध्ये अमेरिकेतील मिनो आणि मर्फी यांनी दाखवून दिले होते, की रोज भरपूर यकृत, म्हणजे कलेजी खाल्ली तर हे रुग्ण वाचतात. रक्ताचे चित्र सारखे दिसत असल्याने मुंबईच्या आजारालाही ‘गर्भारपणातील घातक रक्तक्षय’ असे नाव पडले होते. हेच नाव पुढे चुकीचे ठरले, आणि ते चुकीचे आहे हे सिद्ध करणे हे विल्स यांचे खरे काम.

संशयित एकेक करून बाद कसे झाले?

विल्स यांची पद्धत बिघडलेले यंत्र तपासणाऱ्या कारागिरासारखी होती. एका वेळी एकच शक्यता घ्यायची, तपासायची, बाजूला ठेवायची. आधी त्यांनी संसर्गाचा संशय तपासला. आतड्यातील जंतू जबाबदार असतील का, हे पाहिले. त्यातून ठोस काही हाती लागले नाही. मज्जातंतूंवर परिणाम दिसत नव्हता, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील घातक रक्तक्षयाशी साम्य अपुरे होते. उरले ते ताट.

मेहता आणि तळपदे या सहकाऱ्यांची नावे त्यांच्या सुरुवातीच्या शोधनिबंधांवर आहेत. तळपदे यांच्याबरोबरचा निबंध तर सरळ मुंबईतील स्त्रियांचा आहार आणि राहणीमान यांच्या पाहणीचा आहे. कोणत्या थरातील बाई काय खाते, किती खाते, कशा जागेत राहते, याची नोंद घेण्यात आली. चित्र स्पष्ट होत गेले. ज्या घरांत भाज्या, फळे, दूध, अंडी फारशी येत नव्हती, त्या घरांतील गर्भवतींना हा आजार जास्त होता. परदेशी डॉक्टरने प्रयोगशाळेबाहेर पडून बायकांच्या स्वयंपाकघरापर्यंत जाणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती, आणि या शोधातला निर्णायक भाग तोच म्हणावा लागेल.

पुढची पायरी उंदरांची. मुंबईतील गरीब मुस्लिम बायका जे खात, तसाच आहार पांढऱ्या उंदरांच्या माद्यांना देण्यात आला. त्यांना रक्तक्षय झाला. गाभण माद्या विण्याआधीच मेल्या. त्याच आहारात यीस्ट, म्हणजे किण्व मिसळले की रक्तक्षय टळे. सुताचे टोक सापडल्यासारखे वाटले.

गंमत अशी, की हे टोक पूर्णपणे खरे नव्हते. उंदरांच्या रक्तक्षयामागे उवांमधून पसरणाऱ्या बार्टोनेला नावाच्या जंतूचा हात होता, हे पुढे स्पष्ट झाले. निकृष्ट आहारामुळे उंदरांची प्रतिकारशक्ती खालावत होती, इतकेच. म्हणजे उंदराचा आजार आणि बाईचा आजार एक नव्हता. तरीही उंदरांनी दाखवलेली दिशा बरोबर निघाली. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत शोध सरळ रेषेत सांगतात, त्यात हा उवांचा भाग गाळला जातो. नंतर विल्स यांनी माकडांवर प्रयोग केले. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांना मात्र माणसांसारखाच मोठ्या पेशींचा रक्तक्षय झाला आणि यीस्ट किंवा यकृताच्या अर्काने तो बरा झाला.

या काळात त्या एका जागी बसलेल्या नव्हत्या. १९२९ च्या उन्हाळ्यात त्यांनी काम निलगिरीतील कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हलवले. तिथे पोषणशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅककॅरिसन होते. १९३१ च्या सुरुवातीला त्या मद्रासच्या कास्ट अँड गोशा हॉस्पिटलमध्ये रुग्ण तपासत होत्या. मुक्काम मात्र मुख्यतः परळलाच.

मार्माइटने असे काय केले?

मार्माइट म्हणजे बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टचा काळसर, चिकट, खारट अर्क. इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंट या बिअरच्या गावात १९०२ पासून तो तयार होत होता आणि ब्रिटिश माणूस तो पावाला लावून खात असे. ब जीवनसत्त्वांचा स्वस्त साठा म्हणून डॉक्टरांनाही तो माहीत होता. थोडक्यात, दारूच्या भट्टीतला उरलासुरला माल.

विल्स यांनी तो आजारी गर्भवतींना देऊन पाहिला. काही दिवसांतच रक्तात नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. हाडांच्या मगजातील बंद पडलेला कारखाना पुन्हा सुरू झाल्याची ती खूण होती. मग हिमोग्लोबिन चढू लागले, सूज उतरू लागली. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. यीस्टच्या अर्काने गर्भारपणातील हा रक्तक्षय बरा होतो, हे त्यात रुग्णांच्या नोंदींसह मांडले होते.

यकृताच्या अर्कानेही या बायका बऱ्या होत. पण यकृताचे उपचार महाग होते, आणि कलेजी खायची म्हटले तर ती गिरणी कामगाराच्या घरात रोज कुठून यायची? शाकाहारी घरात तर प्रश्नच नव्हता. मार्माइट स्वस्त होते, टिकत होते, चमच्याने देता येत होते. विल्स यांचा भर सुरुवातीपासून या व्यवहारी बाजूवर दिसतो. रुग्णाला परवडत नाही तो उपाय, उपाय म्हणून त्यांना पुरेसा वाटत नव्हता.

फसलेल्या औषधाने काय सिद्ध केले?

आता खरा पेच. मार्माइटमधला गुणकारी घटक आणि यकृतातला गुणकारी घटक एकच आहे की वेगळा? एकच असेल तर मुंबईचा आजार म्हणजे जुनाच घातक रक्तक्षय, फक्त गर्भवतीला झालेला. वेगळा असेल तर आजारही वेगळा.

१९३० च्या दशकात औषध कंपन्या यकृताचा अर्क अधिकाधिक शुद्ध करत होत्या. पाश्चात्त्य देशांतील घातक रक्तक्षयाचे रुग्ण या शुद्ध अर्कावर छान बरे होत. विल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच शुद्ध अर्क मोठ्या पेशींच्या उष्णकटिबंधीय रक्तक्षयाच्या रुग्णांना दिला, आणि तो चालला नाही. कच्चा, कमी शुद्ध केलेला अर्क दिला, तो चालला. याचा अर्थ उघड होता. यकृतात दोन वेगवेगळे घटक आहेत. शुद्धीकरणात एक मागे उरतो आणि दुसरा गाळात जातो. मुंबईच्या बायकांना हवा होता तो गाळात जाणारा.

या पुराव्यासाठी विल्स पुन्हा मुंबईत आल्या होत्या. १९३३ मध्ये त्या लंडनला रॉयल फ्रीमध्ये परतल्या होत्या, पण १९३७ च्या अखेरीस दहा आठवड्यांसाठी त्यांनी पुन्हा हाफकिन गाठले. पूर्वी बोटीने येत, या वेळी पहिल्यांदाच विमानाने. पाण्यावर उतरणाऱ्या इम्पीरियल एअरवेजच्या विमानाने साउथॅम्प्टनहून कराची, वाटेत पाच मुक्काम, आणि तिथून पुढे समुद्रमार्गे मुंबई. १९३८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बार्बरा इव्हान्स यांच्यासह त्यांचा निबंध आला आणि दोन आजारांची फारकत झाली. हा दुसरा, अनोळखी घटक वैद्यकीय वर्तुळात ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

‘विल्स फॅक्टर’चे नाव कुठे गेले?

घटक आहे हे कळणे वेगळे आणि तो रेणू बाटलीत धरणे वेगळे. दुसरे काम रसायनशास्त्रज्ञांनी केले. १९४१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात मिशेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी तब्बल चार टन पालकातून एक आम्ल वेगळे काढले. पानातून निघाले म्हणून, पान या अर्थाच्या ‘फोलियम’ या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक अ‍ॅसिड म्हटले गेले. १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेने ते कृत्रिमरीत्या तयार केले. त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून अमेरिकेला गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. लवकरच या कृत्रिम फोलिक अ‍ॅसिडने मोठ्या पेशींचा रक्तक्षय बरा होतो हे दिसून आले. घातक रक्तक्षयातला दुसरा घटक म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, ते १९४८ मध्ये हाती आले.

यकृताच्या उपचाराबद्दल मिनो, मर्फी आणि व्हिपल यांना १९३४ मध्ये नोबेल मिळाले होते. विल्स यांना तसे काही मिळाले नाही. रेणूला पानाचे नाव मिळाले आणि ‘विल्स फॅक्टर’ हा शब्द वापरातून गेला. मुंबईतल्या ज्या बायकांच्या रक्तातून हे सगळे कळले, त्यांची नावे तर कुठेच नाहीत.

फोलेट नसले तर पेशी मोठी का होते?

विल्स यांच्या हयातीत याचे पूर्ण उत्तर मिळालेले नव्हते. आज ते रेणूच्या पातळीवर सांगता येते. पेशीचे दोन भाग व्हायचे तर आधी तिच्यातील डीएनएची हुबेहूब प्रत तयार व्हावी लागते. डीएनएची वर्णमाला चार अक्षरांची. त्यातले ‘टी’ हे अक्षर तयार करताना शेवटच्या टप्प्यावर कार्बनचा एक अणू जोडावा लागतो आणि तो आणून देतो फोलेट. फोलेट कमी पडले की ‘टी’चा पुरवठा आटतो. प्रत अर्धवट राहते.

पण पेशीतील बाकीचे काम थांबत नाही. प्रथिने तयार होत राहतात, आकार वाढत राहतो. विभाजन मात्र होत नाही. परिणामी मोठी, बेढब, अपरिपक्व पेशी तयार होते आणि अशा बऱ्याच पेशी मगजातच मरून जातात. विल्स यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होते ते हे. फटका मगजाला पहिला बसतो, कारण तिथे दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. शरीरात इतक्या वेगाने विभाजन क्वचितच कुठे चालते.

गर्भारपणात हाच वेग आणखी काही ठिकाणी सुरू होतो. गर्भ वाढतो, गर्भाशय वाढते, आईचे रक्त वाढते. शिवाय वार, म्हणजे गर्भाला पोसणारा अवयव, शून्यातून तयार होऊन नऊ महिन्यांत साधारण अर्ध्या किलोची होते. आईची फोलेटची गरज त्यामुळे दीडपटीच्या आसपास जाते.

वार फोलेट कसे ओढून घेते?

वारेच्या ज्या पृष्ठभागाला आईचे रक्त भिडते, त्यावर फोलेट पकडणारे ग्राहक रेणू दाटीने बसलेले असतात. त्यांना फोलेट रिसेप्टर अल्फा म्हणतात. आईच्या रक्तात फोलेट अगदी थोडे असले तरी हे रेणू ते घट्ट पकडतात. मग पेशीचा पडदा आत वळतो, फोलेट एका इवल्या पिशवीतून आत जाते आणि दुसऱ्या वाहक प्रथिनांमार्फत बाळाच्या बाजूला उतरवले जाते. म्हणूनच नाळेच्या रक्तात फोलेटचे प्रमाण आईच्या रक्तापेक्षा जास्त आढळते. आईच्या ताटात कमी असले तरी बाळाचा वाटा आधी काढला जातो. परळच्या आसपासच्या बायका गर्भारपणाच्या शेवटीच का कोसळत, याचा उलगडा यातून होतो. साठा तोवर संपलेला असे.

फोलेटची कमतरता आणि वारेचे विकार यांचा संबंध संशोधक आजही तपासत आहेत. फोलेट कमी असल्यास रक्तात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य साचते आणि त्याचा संबंध वार वेळेआधी सुटणे, गर्भारपणात रक्तदाब चढणे अशा गुंतागुंतींशी जोडला गेला आहे. मात्र इथे घाईचा निष्कर्ष अंगाशी येऊ शकतो. जास्त जोखमीच्या गर्भवतींना रोज ४ मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या कितीतरी पट फोलिक अ‍ॅसिड दिल्यास प्री-एक्लॅम्पसिया टळतो का, हे पाच देशांतील एका मोठ्या चाचणीत पाहण्यात आले. २०१८ मध्ये निष्कर्ष आला : टळत नाही. कमतरता भरून काढणे हा उपाय आहे, गरजेपेक्षा अधिक देणे हा नाही.

मुंबईनंतर विल्स यांचे काय झाले?

दुसऱ्या महायुद्धात त्या लंडनमध्ये आपत्कालीन वैद्यकीय सेवेत विकृतिशास्त्रज्ञ होत्या. जुलै १९४४ मध्ये रॉयल फ्रीवर जर्मनीचा उडता बॉम्ब पडला, माणसे दगावली. काही दिवसांत प्रयोगशाळेचे काम पुन्हा सुरू झाले. युद्ध संपेपर्यंत तिथल्या विकृतिशास्त्र विभागाची सूत्रे त्यांच्याकडे होती आणि त्या रुग्णालयातला पहिला रक्तविज्ञान विभागही त्यांनीच उभा केला.

१९४७ मध्ये त्या निवृत्त झाल्या, पण घरी बसल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका असे प्रवास करत त्यांनी पोषण आणि रक्तक्षयाची निरीक्षणे सुरूच ठेवली. गिर्यारोहण आणि बर्फावरचे स्कीइंग हे त्यांचे छंद; कामावर त्या सायकलने जात. आयुष्याची शेवटची दहा वर्षे त्या लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. गिरण्यांतील बायकांचे ताट ज्यांनी मोजले, त्यांनी पुढे तो पक्ष निवडला हे ओघानेच आले असे म्हणता येईल. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर गोळीचे महत्त्व आणखी का वाढले?

पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, इंग्लंडमधील हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक नवी शंका मांडली. फोलेटची कमतरता आईच्या रक्तापुरती नसून बाळाच्या जन्मजात व्यंगांमागेही तीच असावी. गर्भाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतात, ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. ती नीट मिटली नाही तर मणक्याचे किंवा मेंदूचे गंभीर व्यंग उरते.

शंकेचा निकाल लागायला आणखी २६ वर्षे गेली. असे व्यंग असलेले मूल आधी झालेल्या १,८१७ महिलांची चाचणी सात देशांतील ३३ केंद्रांवर झाली. पुढच्या गर्भारपणात व्यंग दिसलेल्या २७ प्रकरणांपैकी फक्त ६ फोलिक अ‍ॅसिड घेणाऱ्या गटांतील होती, उरलेली २१ न घेणाऱ्या गटांतील. धोका ७२ टक्क्यांनी घटला होता. १९९१ मध्ये हे निष्कर्ष आले. १९९८ पासून अमेरिकेने धान्याच्या पिठात फोलिक अ‍ॅसिड मिसळणे सक्तीचे केले.

अडचण एवढीच, की २८ दिवसांत अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. पाळी चुकल्यावर दवाखान्यात जाऊन गोळी सुरू करेपर्यंत नळी मिटण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून गर्भधारणेचा विचार असेल तेव्हापासूनच गोळी सुरू करावी, असे सांगितले जाते.

भारतात आज काय स्थिती आहे?

गर्भवतींना लोह आणि फोलिक अ‍ॅसिड देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात १९७० पासून आहे. सध्याच्या ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ मार्गदर्शक सूचनांनुसार गर्भधारणेआधी आणि पहिल्या तीन महिन्यांत रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड, त्यानंतर रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिडची गोळी, किमान १८० दिवस. बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस ती चालू ठेवायची असते. डोस मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावा, कारण आधी व्यंग असलेले मूल झालेल्या महिलेला वेगळा डोस लागतो.

विल्स यांनी वेगळ्या केलेल्या दोन आजारांची गाठ भारतात अजून पूर्ण सुटलेली नाही. ब-१२ जीवनसत्त्व फक्त दूध, अंडी, मांस, मासे अशा प्राणिजन्य पदार्थांतून मिळते. ब-१२ कमी असताना नुसते फोलिक अ‍ॅसिड दिले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहू शकते. पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतील मातांचा दीर्घ अभ्यास केला. त्यात दोनतृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी आढळले. ज्या मातांमध्ये फोलेट जास्त आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वाधिक होते. मधुमेहाच्या वाटेवरची ती सुरुवातीची खूण मानली जाते. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि गर्भवतीच्या गोळीत लोह व फोलिक अ‍ॅसिडबरोबर ब-१२ ही असावे का, यावरची चर्चा तेव्हापासून सुरू आहे.